नदीवर जाताना काय काय घ्यावं

पुष्पाताई,

किरणचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूला ऋचाकडे होते, ओट्यापाशी तांदूळ धूत होते. तो म्हणाला, "आई, आई गेली." एवढंच. माझ्या लेकीशी घटस्फोट झाला तरी तुमचा मुलगा मला आईच म्हणतो. दुसरं काय म्हणावं हे त्याला सुचत नसावं आणि मीही त्याला कधी अडवलं नाही. पण त्या दिवशी त्या वाक्यातल्या दोन आयांमध्ये मी क्षणभर हरवले. मग कळलं, फोन धरून उभी आहे ती मी, आणि गेल्या त्या तुम्ही.

ऋचा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला न सांगताच समजलं.

"तू जाणार?" तिने विचारलं.

"जाणार."

"कोण म्हणून?"

तिने ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही. मुलामुलीचं लग्न झालं की त्यांच्या आया एकमेकींच्या विहिणी होतात. लग्न मोडलं की त्या कोण होतात, याला आपल्याकडे शब्द नाही. बहुधा कोणाला त्याची गरजच पडली नसेल. लग्न मोडलं की विहिणीही तोंड फिरवतात आणि नातं आपोआप संपतं. आपलं संपलं नाही, म्हणून ही पंचाईत.

तुम्ही पहिल्यांदा आवडलात ते लग्नातच. वरमाईचे पाय धुवायची तुमच्याकडे पद्धत. मी बँकेत नोकरी करून निवृत्तीला आलेली, स्वतःला फार पुढारलेली समजणारी बाई. हे मी करणार नाही, असं सगळ्यांना आधीच सांगून बसले होते, आणि आता यावरून मांडवात काय होतं म्हणून आतून घाबरलेही होते. कुणीतरी तांब्या आणि ताट पुढे आणलं. तुम्ही पाय साडीत ओढून घेतलेत आणि म्हणालात, "राहू द्या. मी घरूनच धुऊन आलीये." चांदवडकडच्या तुमच्या बायका खो खो हसल्या, आणि ताट आलं तसं परत गेलं.

मी निवृत्त झाले त्या वर्षी मुलांनी ठरवलं होतं, दोन्ही आयांना घेऊन कोलाडला राफ्टिंगला जायचं. तिथे नदीत सकाळी धरणाचं पाणी सोडतात आणि त्या पाण्यावरून रबरी होडीतून खाली यायचं, असा तो प्रकार. भाऊ, म्हणजे तुमचे यजमान, म्हणाले, "मला कांदा सोडून कुठं येता येत नाय." म्हणून चौघांचंच बुकिंग झालं. मग कधी याला सुट्टी नाही, कधी तिला नाही, असं करत तारीख पुढे पुढे गेली. आता वाटतं, सुट्टी हे नुसतं निमित्त होतं. त्या दोघांना एकमेकांबरोबर एका होडीत बसायचंच नव्हतं. थंडी सुरू होता होता ते वेगळे झाले, वकील आले, कोर्टात अर्ज गेला. बुकिंग सगळेच विसरले.

आणि एक दिवस माझ्या फोनवर त्या कॅम्पवाल्यांचा निरोप आला. अमुक तारखेला या, येताना सोबत हे हे आणा.

मी तुम्हाला फोन केला तो फक्त, जाणं रद्द झालंय असं सांगायला. त्याआधी आपण बरेच दिवस बोललो नव्हतो. काय बोलणार होतो?

"कुणी केलं रद्द?" तुम्ही विचारलंत.

"केलं नाही अजून. पण आता कसं जाणार, पुष्पाताई? मुलांचं असं झाल्यावर."

"काडीमोड त्यांचा हाय. आपला कुठं झाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कांद्याची लावणी उरकलीये. मला जायचंय," तुम्ही म्हणालात. "गाडी तुम्हाला येते. सांगा, काय काय घ्यायचं."

मी तो निरोप वाचून दाखवायला लागले. लवकर वाळतील असे कपडे, सुती नकोत. पायात पट्ट्याची चप्पल, निसटेल अशी नको. चष्मा असेल तर त्याला दोरी. अंगावर दागिने नकोत. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल, उन्हाचं क्रीम. तुम्ही सत्यनारायणाचं सामान ऐकावं तसं "हं, हं" करत ऐकून घेतलंत.

"आणि खायला?"

"खायला ते देतात."

"ते देत्यात ते त्यांचं. आपलं काय?"

तुम्ही आदल्या दिवशी एसटीने नाशिकला माझ्याकडे उतरलात तेव्हा तुमच्या एका हातात बियाणांच्या दुकानाची कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात दोरीने बांधलेली गोधडी. पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसूण घातलेला ठेचा, गूळ, सुंठ, खोबरेल तेलाची बाटली, टॉर्च. मी कपाळाला हात लावला.

"गोधडी कशाला? तिथे पांघरूण मिळतं."

"दुसऱ्याच्या पांघरुणात मला झोप नाय येत."

"आणि टॉर्च?"

"नवीन गाव. लाइट गेली तर?"

माझं सामान तेवढंच हास्यास्पद होतं, हे मी तेव्हा मान्य केलं नाही. तापाच्या, उलटीच्या, गुडघ्याच्या गोळ्या, मलमपट्टी, छत्री, एक जाडजूड पुस्तक. शिवाय तुमच्यासाठी विकत आणलेली ट्रॅक पँट. तिच्याबद्दल मी तुम्हाला काही बोलले नव्हते. साडी नेसून होडीत बसू देत नाहीत, हे तुम्हाला कसं पटवायचं याचं एक लहानसं भाषण मी तयार ठेवलं होतं.

कसारा घाट उतरताना मी एक अट घातली. "आपण मुलांचं बोलायचं नाही." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "नाय बोलायचं." मग पनवेलपर्यंत आपण तुमच्या द्राक्षबागेवर पडलेल्या रोगावर, माझ्या सोसायटीच्या पाण्यावर, आणि ठेच्यात लसूण किती घालावा यावर बोललो. मी म्हटलं, बेतानं. तुम्ही म्हणालात, "बेतानं घालायचा तर मग घालायचाच कशाला."

कॅम्पवरच्या तंबूत थंडीच्या दिवसांतही इतकं उकडत होतं की त्यांचंही पांघरूण तुम्ही पायाशी लोटलंत. गोधडी गाडीत मागच्या सीटवरून हलली नाही. सकाळी मी पिशवीतून ट्रॅक पँट काढून भाषणाला सुरुवात करणार, तोवर तुम्ही तंबूतून बाहेर आलात. काळी ट्रॅक पँट, वर किरणचा कॉलेजातला जुना टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले. मी बघतच राहिले.

"घरी कडी लावून घालून बघितलं," तुम्ही म्हणालात. "भाऊंनी दार वाजवलं. म्हटलं, झोपलेय."

"कसं वाटतंय?"

"पायात वारं शिरत नाय. पण चालंल."

मग होडीवरच्या माणसाने सगळ्यांना दागिने काढायला सांगितले. माझ्या गळ्यात काहीच नव्हतं. माझे यजमान गेल्यापासून नसतं. मी तुमच्याकडे बघितलं. मंगळसूत्रावरून आता घोळ होणार, अशी माझी खात्री होती. तुम्ही ते सहज काढलंत, इकडेतिकडे पाहिलंत, चटणीची रिकामी डबी उघडलीत, तिच्यात ते ठेवलंत आणि झाकण लावून पिशवीच्या तळाशी सारलंत. पुढे कितीतरी दिवस मंगळसूत्राला लसणाचा वास येत होता आणि भाऊ विचारत होते, हा वास कसला, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मी एवढी हसले की मला फोन खाली ठेवावा लागला. मुलांचं मोडल्यानंतर मी पहिल्यांदाच तशी हसले असेन.

होडीत आपल्या दोघींशिवाय ठाण्याच्या एका ऑफिसातली चार माणसं होती. वल्हं कसं धरायचं, पाय कुठे अडकवायचे, हे होडीवरच्या त्या माणसाने दाखवलं. त्याला सगळे दादा म्हणत होते, म्हणून आपणही म्हणालो. तुम्ही वल्हं खुरप्यासारखं अगदी खालून धरलंत, त्याने हात वर सरकवायला लावले. पहिल्या उसळत्या टप्प्यात होडीचं तोंड एकदम खाली गेलं आणि पाण्याची भिंतच अंगावर आली. मी किंचाळले. ठाण्याची माणसंही किंचाळली. तुमचा आवाज नाही. मी घाबरून वळून पाहिलं, तर तुम्ही डोळे सताड उघडे ठेवून बसला होतात, तोंडावरून पाणी निथळत होतं. होडी सरळ झाल्यावर तुम्ही विचारलंत, "आणखी हायेत का असले?"

"आहेत ना, आजी."

"आजी नको. ताई म्हण."

मधे एका वळणावर पाणी संथ झालं. दोन्ही काठांना दाट झाडी, वल्ही मांडीवर आडवी घेऊन सगळे गप्प बसलेले. तिथे तुम्ही घाटातली अट मोडलीत.

"मेधाताई, पोरांचं बिनसलंय ते मला दिसत व्हतं. दिवाळीला आले तेव्हाच. तुम्हालाबी दिसलं असंल."

मी खोटं बोलू शकले असते. "दिसत होतं," म्हटलं.

"मग आपण बोललो का नाय?"

"तो त्यांचा प्रश्न होता. मोठी माणसं आहेत ती."

"शेजारच्याच्या मळ्यात गुरं शिरली तर आपण बांधावरून हाक मारतो. का नाय मारत?"

"हाक मारली की गुरं निघतात. माणसं नाही निघत."

"मारल्याबिगर कसं कळणार?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादा ओरडला, "फॉरवर्ड," आणि आपण दोघी वल्ही मारायला लागलो. ते बोलणं तिथेच राहिलं. नंतर तुम्ही ते फोनवर पुन्हा काढायचात आणि मी म्हणायचे, भेटल्यावर बोलू. भेटल्यावर चहा व्हायचा, भाजी निवडून व्हायची, आणि तुमच्या एसटीची वेळ व्हायची.

पुष्पाताई, माझं मत अजून बदललेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी तुमचं म्हणणं बरोबर होतं असं म्हणणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. मी तेव्हा सांगणार होते ते हे, की आपण बोललो असतो तर तुम्ही किरणच्या बाजूने बोलला असतात आणि मी ऋचाच्या. आपण कितीही समजूतदार असलो तरी तसंच झालं असतं. मग ती दोघं वेगळी झालीच असती, आणि शिवाय आपणही झालो असतो. गप्प राहिलो म्हणून त्या होडीत एकत्र बसलो. हे मला तुमच्यासमोर मांडायचं होतं, आणि त्यावर तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं. तुम्ही गुरांचं नाहीतर कांद्याचं काहीतरी उदाहरण काढलं असतं आणि मी पुन्हा अडकले असते. कधीकधी मलाच शंका येते. ऋचा अजून कधी जेवताना मधेच थांबते, तेव्हा वाटतं, एकदा हाक मारायला हवी होती का? पण आता हा वाद मी कोणाशी घालू? दुसरं कोणी तुमच्या बाजूने बोलत नाही. सगळे मलाच बरोबर म्हणतात, आणि त्याने माझं समाधान होत नाही.

नदी संपत आली तेव्हा दादा म्हणाला, इथे पाणी शांत आहे, ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा, अंगातलं लाइफ जॅकेट तरंगवतं. ठाण्याची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. तुम्हाला पोहता येत नव्हतं. तुम्ही होडीच्या काठावर पाठमोऱ्या बसलात, माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि मागे पडलात. मग तुम्ही वर आलात, उताण्या, जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलेलं, एका हातात होडीची दोरी. थोड्या वेळाने तुम्ही ती दोरीही सोडलीत.

मी होडीतून तुमच्याकडे बघत होते. तुमचा चेहरा मी लग्नात पाहिला होता, नातवंडाच्या आशेने दोनदा फुललेला आणि दोनदा पडलेला पाहिला होता, कोर्टाच्या आवारात पाहिला होता. पण असा कधीच नाही. पुढचं कुठलंच काम डोक्यात नसलेल्या बाईचा तो चेहरा होता.

"मेधाताई," तुम्ही आभाळाकडे बघत म्हणालात, "अंगाला वजनच नाय."

"या खाली," असंही म्हणालात. मी नाही आले. मला भीती वाटली.

परतताना गाडीत तुम्ही भाकरी सोडल्यात. कॅम्पवरचं जेवण बरं होतं, पण आपण त्या वाळलेल्या भाकऱ्या ठेच्याबरोबर खाल्ल्या आणि हिशेब मांडला. तुम्ही म्हणालात, "तुम्ही औषधाचं दुकान घेऊन आल्या, मी सैपाकघर. नदीला काय न्यायचं ते दोघींलाबी नाय कळलं." पुढच्या वेळी कमी सामान आणायचं, असं ठरलं. पुढची थंडी तुमच्या गुडघेदुखीत गेली. या वर्षी तुम्ही म्हणत होतात, उन्हाळ कांदा निघाला की जाऊ.

बंगळुरूहून येईपर्यंत तुमचं सगळं उरकलं होतं. दहाव्याला मात्र मी आले. ऋचाही आली. तिने मला विचारलं नाही आणि मीही तिला काही म्हटलं नाही. आदल्या दिवशी पिशवी भरताना मी पुन्हा अडले. दुखवट्याला काय न्यायचं? सोयरे आणतात तो टॉवेल-टोपीचा आहेर मी आणायचा का? आणला तर तुमच्या घरच्यांना विचित्र वाटेल, नाही आणला तर मला. शेवटी फक्त भाऊंसाठी एक शाल घेतली आणि निघाले. वाटलं होतं, कोणाच्या लक्षात न येता मागे उभी राहीन आणि निघून येईन. मुलांचं मोडल्यापासून मी तुमच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. तुम्हीच माझ्याकडे यायचात.

नदीकाठी पिंड ठेवला आणि लोक मागे सरले. कावळा लगेच शिवला. "काही राहिलं नव्हतं तिचं," असं कोणीतरी म्हणालं. मी या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तेव्हा मनात आलं, खरंच तुमचं काही राहिलं नसेल. तुम्ही वाटेल ते वाटेल तेव्हा बोलून टाकत होतात. राहिलंय ते माझं.

घरी आल्यावर ओसरीत एका बाईने मला विचारलं, "तुम्ही कोण म्हणायच्या?" तुमच्या धाकट्या जाऊबाई त्या, हे मला नंतर कळलं.

"मी मेधा. नाशिकहून आले."

त्या जरा थांबल्या. "म्हंजे त्या नदीवाल्या बाई का? ताई लय सांगायच्या तुमचं. तुम्ही लय वरडल्या म्हणं."

मी हो म्हटलं. वरडले होते खरी.

मग भाऊ आले. मी शाल दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. कधीच फारसं न बोलणारे ते गृहस्थ म्हणाले, "या जरा इकडं. एक दाखवायचंय." घरामागून कांद्याच्या वावराच्या कडेने ते मला शेततळ्यावर घेऊन गेले. काळं प्लास्टिक अंथरलेलं ते मोठं तळं. कडा अशा गुळगुळीत की माणूस आत गेलं तर त्याला वर यायला काही धरता येऊ नये. कुंपणाच्या एका खांबाला नदीवरच्यासारखं नारिंगी जॅकेट टांगलेलं होतं, उन्हाने फिकं पडलेलं. त्याच्या शेजारी गाठी मारलेला दोर, खांबाला पक्का बांधून तळ्यात सोडलेला.

"तुमच्यासंगं जाऊन आली, आन् मागंच लागली," भाऊ म्हणाले. "हे आणा म्हणं. पाणी घ्यायला बाया वाकत्यात, पोरं खेळत्यात, पाय सरकला तर काय धरायचं. मी म्हणलं, इतकी वर्षं कुणी पडलं का? तर म्हणाली, पडल्यावर आणायचं का?"

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"तुम्हाला काय, तिनं कुणालाच नाय सांगितलं. आता हे बघून शेजारच्या दोन मळ्यांवरबी टांगल्यात."

भाऊ तळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तिथं ती पाण्यात उतरली व्हती, ते खरं का? मला वाटायचं, उगं रंगवून सांगती."

मी त्यांना सांगितलं. तुम्ही पाठमोऱ्या बसलात कशा, मागे पडलात कशा, दोरी सोडलीत कशी, सगळं. तुम्ही काय म्हणालात तेही. भाऊंनी टोपी काढून तोंड पुसलं.

परत आलो तेव्हा अंगणात मांडवाखाली बाहेरच्या लोकांची पंगत बसत होती. मी तिच्या टोकाला एक जागा बघून चप्पल काढायला लागले. तेवढ्यात किरण आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"आई, तुमचं पान आत वाढलंय," तो म्हणाला.

आतल्या खोलीत घरच्या बायका बसल्या होत्या. ऋचा पाणी वाढत होती. तिला ते कोणी सांगितलं होतं की तिने आपणहून घेतलं होतं, मी विचारलं नाही. भिंतीशी तुमची थोरली बहीण होती. तुमचंच नाक, तुमचंच कपाळ. त्यांनी मला दारात पाहिलं, थोडं सरकून शेजारी जागा केली आणि तिथलं पान माझ्यासाठी सरळ केलं.

"बसा, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

मी बसले.